पटावर

जिल्हा म्हणतात याला, कागदावर.
दोन शाळा, एक पिवळी बस,
तिचा हीटर फक्त ड्रायव्हरच्या पायाशी चालतो.
सुपरिंटेंडंट टॉलेफ्सरुड सकाळी सहाला ती बस काढतात,
नऊला बीजगणित शिकवतात,
आणि दुपारी स्वतःलाच अर्ज करून
डिझेलची मंजुरी मागतात.
तो अर्ज टाइप मी करते. मंजुरीही मीच.

मी ॲर्लिस, ऑफिसातली. एकोणीस वर्षं झाली.
माझ्या खिडकीतून धान्याचं कोठार दिसतं,
त्यापलीकडे गव्हाचे खुंट,
त्यापलीकडे पुन्हा गव्हाचे खुंट,
आणि मग मोंटाना संपेपर्यंत काही नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी गणती.
त्या दिवशी पटावर जितकी डोकी, तितके पैसे.
चाळीस भरली तर सँड क्रीकची शाळा उघडी राहणार.
एकोणचाळीस, तर तिथल्या पाच पोरांनी
बावन्न मैल जायचं, बावन्न मैल यायचं,
पहिलीतल्या विलानंसुद्धा,
जी अजून बसच्या पायरीवर
आधी दोन्ही हात टेकते, मग पाय.

सप्टेंबरभर मी मोजत होते.
दुखऱ्या दाढेकडे जीभ जाते, तसं.
वेल्चांची तिघं गेली, बापाला तेलाच्या विहिरीवर काम मिळालं
(शाळेचा ट्रॉम्बोनही गेला त्यांच्याबरोबर).
एक मुलगा आजीकडे. एक कुठे, कोणी सांगत नाही.
चाळीस उरली.
चाळिसावी टेसा क्रेन्झ, इयत्ता सहावी,
आणि क्रेन्झ म्हणजे मधमाश्यांची माणसं.
थंडी यायच्या आत चारशे पेट्या ट्रकवर चढवून
कॅलिफोर्नियात उतरतात, बदामाच्या बागांकडे.

त्या वर्षी थंडीनं घाई केली.
रॉय क्रेन्झ टोपी हातात घेऊन आला, दाखला मागायला.
म्हणाला, खिंडीत बर्फ सांगितलाय, शुक्रवारी निघतो.
मी दाखला छापला. शिक्का मारला.
काही बोलले नाही.
टॉलेफ्सरुड दारात उभे होते, तेही नाही.
माणसाला त्याच्या पोटापासून थांबवायचं कुठल्या तोंडानं?
बोलली ती ओपल, स्वयंपाकघरातली,
जिच्या पोटात तीळ भिजत नाही.
जेवणाच्या रांगेत, टेसाच्या ताटात बटाटे वाढता वाढता
तिनं सगळा हिशेब सांगून टाकला.

शुक्रवारी ट्रक निघाला
आणि शाळेच्या आवारात येऊन थांबला.
रॉयनं इंजिन बंद केलं. विचारलं कोणीच नाही.
शनिवारी गारठा, रविवारी बर्फमिश्रित पाऊस.
ताडपत्री अपुरी पडली
तेव्हा वेंडेलनं शिडी लावून
स्टेजचा लाल मखमली पडदा उतरवला,
आणि सहा जणांनी मिळून तो पेट्यांवर ओढला,
मयतावर चादर घालतात तसा नव्हे, उलट,
झोपलेल्या पोरावर घालतात तसा.

सोमवार. सव्वानऊ.
टेसा दुसऱ्या रांगेत, अंगात जाकीट, पाठीवर दप्तर तसंच.
"हजर," ती जरा मोठ्यानंच म्हणाली.
मी चाळीस लिहिलं. पेन बिघडलंय असं वाटून
पुन्हा गिरवलं.
सुट्टीत पोरं ट्रकच्या फळ्यांना कान लावून उभी होती.
आहे, आवाज आहे, विला सांगत होती,
पण खूप आत.
दहा वाजता ते गेले.
खिंडीत दोन दिवस अडकले, असं नंतर कळलं.
पेट्या किती गेल्या, ते रॉयनं कधी सांगितलं नाही.

पडदा त्यांच्याबरोबर गेला.
मार्चमध्ये पार्सलनं आला, मेणाचा वास घेऊन.

पण डिसेंबरातलं नाटक त्याच्याविना झालं.
प्रत्येक प्रवेश संपला की वेंडेल कडेला येऊन म्हणायचा,
"मिटा."
आणि अख्खं गाव डोळे मिटून बसायचं,
समोर पोरांची पळापळ, टेबल ओढल्याचा आवाज,
कोणीतरी हसू दाबतंय,
तो "उघडा" म्हणेपर्यंत.